टॅडपोलची कवटी, बेडकाची कवटी आणि मधली तोडफोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला, डबक्यात काळे ठिपके वळवळायला लागले की मला मेसेज यायला लागतात. बहुतेक प्रश्न शेपटीबद्दल, ती गळते का, कुठे जाते, पाय आधी मागचे येतात की पुढचे. शेपटी दिसते म्हणून सगळे शेपटीबद्दल विचारतात, पण खरी गंमत डोक्यात चालू असते, अक्षरशः कवटीच्या आत. म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतेय. शब्दांचं आधीच सांगते, शाळेच्या पुस्तकात ज्याला भैकेर म्हणतात त्याला मी टॅडपोलच म्हणणार, आणि कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते ती वाकणारी, हाडापेक्षा मऊ वस्तू. ती कान धरून एकदा दाबून बघा, पुढे सारखी लागणार आहे.

प्रश्न: टॅडपोल म्हणजे छोटा बेडूकच की, कवटी वाढत वाढत मोठी होत असेल, त्यात एवढं काय?

तसं वाटतं खरं, पण नाही. आपल्या बाळाची कवटी आणि आपली कवटी शेजारी ठेवली तर प्रमाण बदललेलं दिसतं, काही हाडं जुळून आलेली दिसतात, पण प्लॅन तोच. टॅडपोलचा प्लॅनच वेगळा आहे. आमच्या लॅबमध्ये एक जुनी बाटली आहे, ग्लिसरीनमध्ये ठेवलेला टॅडपोल, मांस पारदर्शक केलेलं, कूर्चा निळी रंगवलेली आणि हाड लाल. बाटली खिडकीपाशी धरली की डोकं जवळजवळ सगळं निळं दिसतं. लाल अगदी थोडं, मेंदूच्या वर दोन बारीक पट्ट्या, खाली टाळूपाशी एक कट्यारीसारखा तुकडा, मागे मानेशी दोन ठिपके, बास. जबड्यात लाल काहीच नाही. म्हणजे ज्या जबड्याने तो दिवसभर खातोय तो अख्खा कूर्चेचा, आणि तोही चिमटीएवढ्या जागेत तोंडाच्या टोकाशी कोंबलेला, सांधा पार पुढे. शेजारच्या बाटलीत त्याच जातीचा छोटा बेडूक आहे, त्याच्या जबड्याचा सांधा डोळ्याच्या मागे कानाजवळ आणि जबड्याची कड लालेलाल. पहिल्यांदा बघणारी मुलं हमखास विचारतात, मॅडम हे दोन वेगळे प्राणी आहेत का. कवटीपुरतं बोलायचं तर मुलं फारशी चूक नाहीत.

प्रश्न: टॅडपोलला दात असतात का?

खरे दात नाहीत. ओठांवर दातांसारख्या ओळी असतात त्या केराटिनच्या, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याच्या, आणि मधे पोपटासारखी एक काळी चोच असते तीही त्याचीच. घरामागे सिमेंटची टाकी असेल आणि आतल्या भिंतीवर शेवाळ धरलं असेल तर संध्याकाळी टॉर्च लावून जवळून बघा, टॅडपोल भिंतीला तोंड लावून टकटक टकटक करत पुढे सरकतो आणि मागे चकचकीत सिमेंटची पट्टी राहते, जणू कोणी किसणी फिरवलीय. ओळींनी शेवाळ पकडायचं, चोचीने खरवडायचं, काम संपलं.

पण हे सगळ्यांना लागू नाही. आपल्याकडे भाताच्या खाचरात मायक्रोहायला नावाचे अगदी छोटे बेडूक असतात, त्यांच्या टॅडपोलला ना चोच ना ओळी, ते पाण्यातले बारीक कण गाळून खातात. आणि पहिल्या पावसात ज्याचे नर पिवळेधमक होतात तो मोठा बुलफ्रॉग, त्याचे टॅडपोल सरळ इतर टॅडपोल खातात.

खरे दात येतात ते रूपांतराच्या वेळी, आणि बेडकांमध्ये तेही वरच्या जबड्यालाच. घराबाहेर दिव्याखाली किडे टिपत बसतो तो खरखरीत टोड तर जन्मभर बोळकाच. खालच्या जबड्यात खरे दात असलेला बेडूक आज जगात एकच माहीत आहे, दक्षिण अमेरिकेतला गॅस्ट्रोथेका गुंथेरी, आणि त्याच्या वंशावळीवरून दिसतं की हे दात कोट्यवधी वर्षं गायब राहून परत आले.

प्रश्न: रूपांतरात कवटीचं नक्की काय होतं, जरा स्टेप बाय स्टेप सांगा ना.

स्टेप बाय स्टेप सांगते पण लक्षात ठेवा की प्रत्यक्षात सगळं एकदमच चालू असतं, घरात माणसं राहत असताना रिनोव्हेशन काढल्यासारखं.

टॅडपोलच्या वरच्या ओठाला आतून आधार देणारी एक कूर्चा असते, सुप्रारॉस्ट्रल. खालच्या जबड्याच्या टोकाला दुसरी, इन्फ्रारॉस्ट्रल. त्या काळ्या चोचीचे दोन भाग या दोघींवर बसलेले असतात. इन्फ्रारॉस्ट्रल आणि तिच्या मागची मेकेलची कूर्चा यांच्यामध्ये एक जास्तीचा सांधा असतो, म्हणजे टॅडपोलचा खालचा जबडा मधेच मुडपतो. आपल्या जबड्यात असलं काही नाही. रूपांतर सुरू झालं की चोच गळून पडते, सुप्रारॉस्ट्रल विरघळून जाते, तिच्या जागी वरच्या जबड्याची नवी हाडं धरतात, आणि खालची इन्फ्रारॉस्ट्रल मेकेलला चिकटून हनुवटीचं टोक होऊन बसते. मेकेलची कूर्चा टॅडपोलमध्ये आखूड आणि आडवी असते, ती लांब होते, मागे वाढते, आणि तिच्याभोवती हाड चढतं.

आता मुख्य भाग. जबड्याचा सांधा जिच्यावर टांगलेला असतो त्या कूर्चेला पॅलॅटोक्वाड्रेट म्हणतात. नाव जडजंबाल आहे, मी बिजागरीची पट्टी म्हणते. टॅडपोलमध्ये ही पट्टी लांब असते आणि कवटीच्या बाजूने आडवी पुढे गेलेली, म्हणून सांधा पुढे, म्हणून तोंड चिमुकलं. रूपांतरात ही पट्टी आखडते, कवटीशी असलेले तिचे पुढचे जोड सुटतात आणि ती मागे फिरत फिरत जवळजवळ उभी होते. दाराची बिजागरी पुढच्या चौकटीवरून काढून मागच्या भिंतीवर ठोकावी तसं, आणि मग दार एवढं मोठं उघडतं की बेडूक आपल्या डोक्याएवढा किडा गिळतो. तोंडाचा कोपरा डोळ्याच्या पुढून डोळ्याच्या मागे जातो तो याच्यामुळे. बेडकाच्या कानाच्या पडद्याभोवती जे कडं असतं तेही याच पट्टीच्या अंगातून निघतं, आणि बऱ्याच जातींत ते उशिरा, बेडूक जमिनीवर आल्यानंतर तयार होतं.

तिसरी तोडफोड घशात. टॅडपोलच्या तोंडाच्या तळाला सेराटोहायल नावाच्या दोन जाडजूड कूर्चा असतात, त्या सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारख्या वरखाली होतात आणि पाणी तोंडातून आत ओढून कल्ल्यांवरून बाहेर ढकलतात. मागे कल्ल्यांची टोपली असते, तिथे अन्नाचे कण गाळले जातात. बेडकाला यातलं काहीच नको. टोपली विरघळते, जाडजूड सेराटोहायल काडीसारखी बारीक होते, आणि उरलेल्या मालातून जिभेखालची एक पातळ प्लेट तयार होते. ज्या सामानाने पाणी ढकललं जायचं त्याच सामानावर आता जीभ आणि श्वास चालतात. फुफ्फुसात हवा भरायला बेडूक घसा फुगवतो ना, तो जुन्याच पंपाचा नवा धंदा.

आणि मग हाडं. वरचा जबडा, नाकाची हाडं, खालच्या जबड्याचं आवरण, हे बहुतेक सगळं याच शेवटच्या टप्प्यात किंवा त्यानंतर धरतं.

प्रश्न: एवढी मोडतोड चालू असताना तो खातो कसा?

नाही खात. शेपटी शोषली जाते तिच्यावर आणि साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. आतडंही त्याच वेळी आखूड होत असतं म्हणजे खाऊनही उपयोग नाही. सोयीस्कर उपवास आहे हा.

प्रश्न: हे सगळं कोण ठरवतं? टायमिंग एवढं परफेक्ट कसं?

थायरॉईड. आपल्या गळ्यातली तीच ग्रंथी, तेच हॉर्मोन. १९१२ साली गुडर्नात्श नावाच्या संशोधकाने टॅडपोलना वेगवेगळ्या प्राण्यांच्या अवयवांचे तुकडे खायला घालून बघितले. घोड्याची थायरॉईड ज्यांना मिळाली ते नेहमीच्या कितीतरी आधीच बेडूक झाले, आकार मात्र टॅडपोलचाच असल्यामुळे चिमुकले बेडूक. १९१६ मध्ये बेनेट अॅलनने उलटं केलं, अगदी लहानपणीच थायरॉईड काढून टाकली. ते टॅडपोल वाढत गेले, वाढत गेले, नुसते मोठे टॅडपोल झाले आणि बेडूक काही झाले नाहीत.

आता मजा बघा, रक्तातून हॉर्मोन सगळीकडे सारखंच फिरतं पण प्रत्येक अवयव आपल्या वेळेला ऐकतो. मागचे पाय थोड्याशा हॉर्मोनला जागे होतात, शेपटी आणि जबड्याची मोठी कामं पातळी चढल्यावरच. कारण ग्रंथीतून येणारं हॉर्मोन जास्त जोरकस रूपात बदलायची एन्झाइम्स आणि ते ओळखणारे रिसेप्टर्स प्रत्येक पेशीत कमीजास्त असतात. उत्क्रांतीला इथे खेळायला जागा मिळते हे ध्यानात ठेवा. अख्खी यंत्रणा बदलायची गरजच नाही, एखाद्या कूर्चेने हॉर्मोन जरा लवकर ऐकलं किंवा अजिबात ऐकलं नाही तरी कवटी वेगळी होते. पुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीवर फिरतात.

प्रश्न: आम्हाला शिकवलं होतं की बेडूक आधी मासा असतो मग बेडूक होतो, म्हणजे उत्क्रांतीचं रिपीट टेलिकास्ट. बरोबर ना?

हा माझा आवडता प्रश्न आणि सगळ्यात जास्त डोकं फिरवणारा पण. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हेकेलने ही कल्पना गाजवली, की प्राणी वाढताना आपल्या पूर्वजांची पायरी पायरी पुन्हा चढतो, आणि टॅडपोल हे त्याचं पोस्टर बॉय झालं, शेपटी आहे, कल्ले आहेत, पोहतो, मासाच की. दीडशे वर्षं झाली तरी ती ओळ कुठे ना कुठे गाईडमध्ये सापडतेच.

कवटी बघितली की हे कोसळतं. सुप्रारॉस्ट्रल कुठल्या माशात आहे? नाही. जबड्यातला तो जास्तीचा सांधा? नाही. केराटिनची चोच आणि ओठांवरच्या ओळी? बेडकाच्या ज्या कोणी मासे पूर्वज होते त्यांना धड हाडांचे जबडे होते आणि खरे दात होते. टॅडपोलचं तोंड ही जुनी आठवण नाहीच, तो बेडकांच्या घराण्याने नंतर काढलेला नवा शोध आहे. पूर्वजांचं पिल्लू कसं असावं याचा अंदाज हवा असेल तर टॅडपोलकडे बघू नका, सॅलॅमँडरच्या, म्हणजे बेडकाच्या पालीसारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या उभयचर नातेवाइकाच्या, पिल्लाकडे बघा. त्याला सुरुवातीपासून खरे दात, खरा जबडा, तो शिकार करतो. त्याची कवटी रूपांतरात बदलते पण बेडकासारखी पाडून बांधावी लागत नाही.

म्हणजे उलट आहे. बेडूक आणि टॅडपोल या दोघांनीही आपापल्या दिशेने घोडदौड केली, एक जमिनीवर उडी मारून किडे टिपायच्या, दुसरा पाण्यात खरवडायच्या आणि गाळायच्या, आणि दोघांमधलं अंतर एवढं वाढलं की जोडायला मधे ही आठवड्याभराची तोडफोड लागायला लागली. माझं मत विचाराल तर बेडकाचं रूपांतर ही दोन टोकाच्या कवट्यांची एकाच जनावराने भरलेली किंमत आहे.

प्रश्न: मग जीवाश्मांमध्ये याचा पुरावा आहे का? कूर्चा तर टिकत नाही ना?

कूर्चा सहसा टिकत नाही, म्हणूनच हे अवघड आहे, पण आहे पुरावा आणि भारी आहे. नैऋत्य जर्मनीत सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांच्या गाळात अॅपॅटिऑन नावाचे बोटभर उभयचर सापडतात, एकदोन नाही, ढिगाने, आणि वेगवेगळ्या वयाचे. पिल्लापासून मोठ्यापर्यंत रांग लावता येते आणि कुठलं हाड आधी धरलं, कुठलं नंतर हे सरळ वाचता येतं. तो क्रम बराचसा आजच्या सॅलॅमँडरसारखा आहे. त्यातले बरेच जण मोठे होऊनही कल्ले धरून पाण्यातच राहायचे, पण २००६ साली राइनर शोख आणि नादिया फ्रोबिश यांनी दाखवलं की अॅपॅटिऑनच्या एका जातीत काही जण रूपांतर करून बाहेरही पडत होते. या गटाचं आजच्या बेडूक-सॅलॅमँडरशी नेमकं नातं काय यावर अभ्यासकांची भांडणं अजून चालू आहेत, पण पाण्यातलं पिल्लू आणि हळूहळू बदलणारी कवटी ही व्यवस्था खूप जुनी आहे एवढं नक्की.

बेडकासारखी दिसणारी कवटी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करच्या ट्रायाडोबॅट्राकसमध्ये दिसते, पण तो मोठा प्राणी, त्याचं पिल्लू कसं होतं ते त्यात दिसत नाही. टॅडपोलसाठी बराच पुढे यावं लागतं. २०२४ मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियातून नोटोबॅट्राकसचा टॅडपोल जाहीर झाला, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा, लांबीला जवळजवळ १६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फूटपट्टीच्या अर्ध्याहून जास्त. आणि त्यात घशातल्या कल्ल्यांच्या टोपलीचे ठसेसुद्धा टिकलेत, आजच्या गाळून खाणाऱ्या टॅडपोलसारखे. डायनोसॉर फिरत होते तेव्हा डबक्यात हा पंप चालू होता.

प्रश्न: सॅलॅमँडर आणि देवगांडूळ यांचं काय? त्यांच्यातही असंच होतं का?

सॅलॅमँडर महाराष्ट्रात नाहीत, दार्जिलिंग-सिक्कीमकडे जावं लागेल. त्यांच्या पिल्लांचं वर आलंच, रूपांतरात टाळूवरच्या दातांच्या ओळींची जागा बदलते, वरच्या जबड्याचं मुख्य हाड म्हणजे मॅक्सिला उशिरा येतं, खालच्या जबड्यातलं दातवालं एक हाड नाहीसं होतं, घशातले कल्ल्यांचे कमानीसारखे सांगाडे कमी होतात.

देवगांडूळ आपल्याकडे आहेत, कोकणात आणि घाटात, बिनपायाचे, गांडुळासारखे दिसणारे पण पाठीचा कणा असलेले उभयचर. शेणखताचा जुना ढीग उपसताना दिसतात आणि लोक साप समजून मारतात, जे करू नका, बिनविषारी गरीब जीव आहे. डोक्यानेच जमीन खणायची असल्यामुळे त्यांची कवटी उभयचरांमध्ये सगळ्यात भरीव, हाडं एकमेकांना घट्ट जुळलेली. इक्थिओफिस गटातली पिल्लं अंड्यातून निघून पाण्यात राहतात, मोठी झाली की मातीत शिरतात, आणि रूपांतरात डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक छोटी वास घेणारी शेंडी येते, जी दुसऱ्या कुठल्याच उभयचराला नसते. गेगेनिओफिस गटाला मात्र पाण्यातलं पिल्लूच नाही, अंड्यातून थेट छोटं देवगांडूळ. यातली गेगेनिओफिस डॅनिएली ही जात २००३ मध्ये आंबोलीच्या परिसरातून नोंदली गेली. आणि केरळातली गेगेनिओफिस रामस्वामीआय ही जात ज्यांच्या नावाने आहे त्या एल. एस. रामस्वामींनी आपल्याकडच्या उभयचरांच्या कवट्यांवर काम केलं होतं, तेही सूक्ष्मदर्शकाखाली काप मोजत, स्कॅनर वगैरे नसताना.

प्रश्न: अॅक्सोलॉटल मोठाच होत नाही म्हणतात, त्याची कवटी पिल्लाचीच राहते का?

बऱ्यापैकी हो. मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला हा सॅलॅमँडर, कल्ले आणि पोहायची शेपटी ठेवूनच वयात येतो, अंडी घालतो, मरतो. १८६४ मध्ये काही अॅक्सोलॉटल पॅरिसला आले, ओग्यूस्त द्युमेरिलने ते पाळले, पिल्लं झाली, आणि पुढच्या वर्षी त्या पिल्लांपैकी काहींनी कल्ले टाकले आणि जमिनीवरचे सॅलॅमँडर झाले. लोक चक्रावले, आईबाप एका प्रकारचे आणि पोरं दुसऱ्याच. नंतर कळलं की थायरॉईडला वरून, म्हणजे मेंदूच्या बाजूने, मिळणारी ढकलच कमी पडते, बाहेरून हॉर्मोन दिलं तर अॅक्सोलॉटलची कवटीही बाकी शरीरासारखी बदलते. म्हणजे पुस्तक घरात आहे, उघडलं जात नाही एवढंच. पाळीव अॅक्सोलॉटलवर हा प्रयोग कृपया करू नका, त्यात मरतात.

उत्तर अमेरिकेतला नेक्टुरस नावाचा सॅलॅमँडर त्याच्या पुढे गेला. त्याला हॉर्मोन देऊनही रूपांतर होत नाही, आणि त्याच्या कवटीत मॅक्सिला कधी येतच नाही. जे हाड बाकीच्यांत उशिरा येतं ते याच्यात येण्याआधीच गाडी थांबली. उशिरा येणाऱ्या गोष्टीच आधी हरवतात, हा पॅटर्न एकदा लक्षात आला की सगळीकडे दिसायला लागतो.

प्रश्न: सह्याद्रीत झाडाझुडपांवर बेडूक असतात, आजूबाजूला डबकं नाही, मग त्यांचे टॅडपोल कुठे असतात?

नसतात! राओर्केस्टेस गटातले हे झुडपी बेडूक, पावसाळ्यात रात्री घाटात टिकटिक आवाज येतो ते. अंडी ओल्या पाचोळ्यात वगैरे, पाणी साठलेलं नाही, आणि अंड्यातून शेपटीवाला टॅडपोल न येता नखाएवढा तयार बेडूक बाहेर येतो. जगात हे बेडकांच्या वेगवेगळ्या घराण्यांत अनेकदा स्वतंत्रपणे झालंय.

कवटीच्या दृष्टीने यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो प्वेर्तो रिकोच्या कोकी बेडकावर. त्याच्या भ्रूणात टॅडपोलच्या खास कूर्चा, म्हणजे सुप्रारॉस्ट्रल वगैरे, बनतच नाहीत. बिजागरीची पट्टी पहिल्यापासूनच अर्धवट फिरलेल्या अवस्थेत दिसते, आणि जबड्याची हाडं, जी बाकीच्यांत शेवटी येतात, ती अंड्यातच धरायला लागतात. पण थायरॉईडची रजा झाली का? नाही. अंड्यातल्या भ्रूणाचं हॉर्मोन औषधाने बंद केलं तर वाढ अडकते आणि हॉर्मोन परत दिलं की पुढे सरकते. म्हणजे रूपांतर गेलेलं नाही, टॅडपोलचा अंक कापून नाटक थेट तिसऱ्या अंकापासून सुरू केलंय आणि घंटा मात्र तीच वाजते.

प्रश्न: पिल्लाच्या गरजांमुळे मोठ्या प्राण्याची कवटी अडकून पडते का?

काही ठिकाणी हो, आणि याचं उदाहरण म्हणजे जीभ. सॅलॅमँडरच्या पिल्लाला घशातला सांगाडा पाणी ओढून भक्ष्य खेचायला लागतो, मोठा झाला की त्याच सांगाड्याने फुफ्फुसात हवा भरायची असते, आणि त्याच सांगाड्यावर जीभ. एका गड्यावर तीन कामं. अमेरिकेत प्लेथोडॉन्टिड नावाचं मोठं घराणं आहे, त्यांना फुफ्फुसंच नाहीत, कातडीने श्वास घेतात, एक काम गेलं. त्यातल्या ज्यांनी पाण्यातलं पिल्लूही सोडून दिलं त्यांचं दुसरंही काम गेलं, आणि अशांमध्ये जिभेचे अचाट प्रकार निघाले. हायड्रोमँटेसची जीभ शरीराच्या लांबीच्या ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि जिभेबरोबर आतला सांगाडाच तोंडाबाहेर फेकला जातो. डेव्हिड वेक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षं मांडला. पण निसर्ग कोणाचंच ऐकून घेत नाही, याच घराण्यातल्या डेस्मॉग्नॅथसने पाण्यातलं पिल्लू एकदा सोडून पुन्हा परत आणलं असं डीएनएच्या वंशावळीवरून २००४ मध्ये पुढे आलं.

बेडकांबाबत २०२१ मध्ये १७३ जातींच्या कवट्या स्कॅन करून केलेला एक मोठा अभ्यास आला, त्यात कवटीतली विविधता तीन गोष्टींशी जोडली गेली, आकारमान, राहायची जागा, आणि खाणारं पिल्लू गमावणं. तिसरा मुद्दा बघा. पिल्लू खात नसेल तर मोठ्याची कवटी जास्त मोकळी सुटते.

प्रश्न: टॅडपोल सगळीकडे सारखेच दिसतात मग त्यांची कवटी उत्क्रांत होते की नाही?

सारखे दिसतात कारण आपण वरून बघतो. उलटा करून तोंड बघा. माथेरान-लोणावळ्याकडे पावसाळ्यात ओल्या कातळावर पाण्याच्या पातळ थरात चिकटून चरणारे टॅडपोल असतात, केरळ-तमिळनाडूच्या घाटात नासिकाबॅट्राकस नावाच्या बेडकाचे टॅडपोल धो धो ओढ्यात तोंडाने दगड पकडून बसतात. आणि दक्षिण अमेरिकेतल्या चाको भागातला लेपिडोबॅट्राकस, त्याचा टॅडपोल अजब, तोंड पहिल्यापासूनच रुंद, दुसरे टॅडपोल अख्खेच्या अख्खे गिळतो. त्याच्या जबड्याच्या कूर्चा टॅडपोल असतानाच मोठ्या बेडकाकडे झुकलेल्या, म्हणजे जे बाकीचे शेवटी करतात ते याने आधीच उरकलं. अमेरिकेतल्या वाळवंटी स्पेडफूट टोडमध्ये तर एकाच घोळक्यातले टॅडपोल खाण्यावरून दोन प्रकारचे होतात, कोळंबीसारखे छोटे जीव भरपूर मिळाले तर काहींचे जबड्याचे स्नायू दणदणीत होतात आणि ते मांसाहारी बनतात.

प्रश्न: हे सगळं घरी बघता येईल का, कापाकापी न करता?

येतं की. कापाकापी नको, आणि रानातून बादल्या भरून आणणंही नको. जिथे आहेत तिथेच रोज बघा, टाकीत असतील तर टाकीत. पुढचे पाय बाहेर आले की त्या दिवसापासून रोज बाजूने फोटो काढा आणि फोटोत फक्त एक गोष्ट बघा, तोंडाचा कोपरा डोळ्याच्या पुढे आहे, खाली आहे की मागे. आधी नाकपुडीजवळ असेल, मग डोळ्याच्या खाली, आणि शेपटीचा बुडखा उरेपर्यंत डोळ्याच्या मागे. एवढ्या एका रेषेत आत काय चाललंय ते कळतं.

प्रश्न: टाकीत शेपटी अर्धी उरलेला बेडूक आहे, दोन दिवस काही खात नाही, काय देऊ?

काही देऊ नका. त्याची चोच गळलीय आणि नवा जबडा अजून धड बसलेला नाही, दिलं तरी खाणार नाही आणि पाणी मात्र नासेल. एक दगड किंवा लाकडाचा तुकडा तिरका टाकून ठेवा, त्याला वर चढायला जागा हवी, नाहीतर बुडून मरतो. शेपटी पूर्ण गेली की स्वतःच निघून जाईल, बहुतेक रात्री.